रक्त द्यायची घाई

शनिवारी रात्री जे घडायला नको होतं ते घडलं, की सोमवारी सकाळी आपला गृहस्थ पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर हजर असतो, तोही उपाशीपोटी. हर्पिसच्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. पण अपराधी मनाला उपवास आपोआप सुचतो. ‘काय काय करायचंय?’ या प्रश्नाला तो खालच्या आवाजात ‘सगळंच’ म्हणतो आणि काउंटरवरची मुलगी सवलतीतलं पॅकेज पुढे सरकवते. माझं म्हणणं एवढंच, की जननेंद्रियांच्या हर्पिसपुरतं हे रक्त वाया जातं. या विषाणूविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं रक्तात दिसू लागायला काही आठवडे जातात आणि ‘नाही’ या उत्तरावर विसंबायचं तर साधारण १२ आठवडे थांबावं लागतं. म्हणजे सोमवारचा रिपोर्ट शनिवारबद्दल चकार शब्द काढत नाही. बोललाच, तर कॉलेजच्या दिवसांतल्या एखाद्या शनिवारबद्दल बोलतो. ‘पण आयजीएम लवकर दिसतं ना?’ असं मोबाइलवर वैद्यकी शिकलेले विचारतील. आयजीएम हे प्रतिपिंड म्हणजे सोसायटीचा असा वॉचमन, की जो चोराला बघून शिट्टी मारतो आणि दूधवाल्याला बघूनही. जुना हर्पिस पुन्हा उफाळला तरी ते वाढू शकतं, आणि विषाणू पहिल्या प्रकारचा की दुसऱ्या, हेही त्याला धड सांगता येत नाही. तरीही ‘टॉर्च’ पॅनेलच्या नावाखाली आपल्याकडे गरोदर बायकांच्या माथी ते सर्रास मारलं जातं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की केली तपासणी तर बिघडलं काय, निदान मनाला शांतता! शांततेचं गणित जरा बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या लोकांपैकी सुमारे ६४ टक्क्यांना पहिल्या प्रकारचा हर्पिस आहे. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, गालगुच्चे घेऊन पापे घेणाऱ्या एखाद्या मावशीकडून. रक्ताचा रिपोर्ट ‘आहे’ म्हणतो. कुठे आहे, कधीपासून आहे, कोणाकडून आला, हे सांगत नाही. घरी मात्र चौकशी आयोग नेमका याच तीन प्रश्नांवर बसतो. दुसऱ्या प्रकाराची कथा तर आणखी न्यारी. काहीच लक्षणं नसलेल्यांची सरसकट रक्ततपासणी करू नये, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०१६ साली सांगितलं आणि २०२३ साली पुन्हा सांगितलं. तिथल्या प्रचलित चाचणीत ‘पॉझिटिव्ह’ ठरणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे खोटे निघू शकतात, असा त्यांचा हिशेब होता. रिपोर्टमधला इंडेक्सचा आकडा १.१ च्या जरासा वर असेल तर शंका जास्तच. खात्रीची वेस्टर्न ब्लॉट चाचणी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होते. तिचा निकाल येईपर्यंत डोंबिवलीतला संसार टिकायला हवा.

मग करायचं काय? डोळे उघडे ठेवायचे. लागण झालीच, तर बहुधा २ ते १२ दिवसांत पाण्याने भरलेले बारीक फोड उठतात, दुखतात, फुटतात. ते सुकायच्या आत डॉक्टरांना दाखवायचे. फोडातल्या द्रवाच्या नमुन्याची पीसीआर तपासणी याबाबत रक्तापेक्षा कितीतरी जास्त बोलते. इथेच आपली खरी गंमत आहे. दंडातून तीन बाटल्या रक्त काढून द्यायला माणूस तयार असतो, पण पायजम्याची नाडी सैल करायला नाही. खपली पडून गेल्यावर तो स्किन-व्हीडीच्या ओपीडीत येतो आणि ‘मित्राला झालंय’ म्हणतो. वास्तविक सरकारने या लाजेसाठी रंगही ठरवून दिलेत: लैंगिक आजारांच्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये हर्पिसच्या जखमांसाठी लाल रंगाचं, पाच नंबरचं किट मिळतं, आत असायक्लोव्हिर. रोग मुळापासून जात नाही, विषाणू मणक्याजवळच्या मज्जापेशींत दडून राहतो. पण त्रास आवरतो.

फोड उठलेच नाहीत तर? हा आक्षेप मात्र रास्त आहे, कारण पुष्कळांना ते कळण्याइतके उठतच नाहीत. जोडीदाराला हर्पिस असल्याचं पक्कं ठाऊक असेल, तर १२ आठवड्यांनी दोन्ही प्रकार वेगळे ओळखणारी आयजीजी तपासणी डॉक्टरांना विचारून जरूर करावी. गरोदरपणी तर जोडीदाराचं दुखणं लपवूच नये. धावपळच करायची असेल, तर ती एचआयव्हीसाठी. तिथे डॉक्टरांना गरज वाटली तर प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितक्या चांगल्या, सुरू कराव्या लागतात. सरकारी रुग्णालयात समुपदेशक बसलेला असतो, एचआयव्हीची तपासणी फुकट होते, नाव बाहेर जात नाही. सवलतीचं पॅकेज तेवढं तिथे मिळत नाही.