वर्गणीला आम्ही, बैठकीला कोण?

मार्च २०१६. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, कलम १४४. तहानलेल्या माणसांनी पाण्यापाशी घोळक्यानं थांबायचं नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच उन्हाळ्यात हेच लातूरकर मांजरेच्या कोरड्या पात्रात जमले. ‘जलयुक्त लातूर’साठी त्यांनी वर्गणी काढली, कोट्यवधी रुपये उभे केले आणि नदीतला गाळ उपसला. त्या जमावाचं सगळ्यांनी कौतुक केलं.

माझा राग इथंच आहे. दुष्काळ पडला की मराठवाड्याच्या माणसाला हाक येते, पावती फाडा, नदीत उतरा. पाऊस पडला की ती हाक थांबते. नळाला पाणी कितव्या दिवशी सुटणार, कोणत्या गल्लीला आधी, गळकी पाइपलाइन कधी बदलणार, हे ठरताना त्याला कुणी विचारत नाही.

विचारलं तर काय होतं, ते याच लातूर जिल्ह्यानं पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांच्या पाठीशी होती. अनुदान कसं मिळतं, भूकंपात टिकेल अशी भिंत कशी बांधायची, हे या बायका घरोघर सांगत आणि लोकांच्या अडचणी इंजिनिअरांपर्यंत नेत. सरकारी बैठकीत कधी पाऊल न टाकलेल्या बाया होत्या त्या.

शहरात तर कायदाच आपल्या बाजूनं आहे. तीन लाखांवर वस्ती असेल तर प्रभाग समिती हवीच, आणि तिच्यावर त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. २००९ च्या दुरुस्तीनं क्षेत्रसभा आली. नगरसेवकानं मतदारांना बोलवायचं, कामं त्यांच्यासमोर ठरवायची. दोन वर्षांत चार सभा घेतल्या नाहीत तर पद जाऊ शकतं. किती जणांनी आपल्या भागातली क्षेत्रसभा पाहिलीय? मी ओळखीच्यांना विचारतो, तर हा शब्दच त्यांना नवा असतो.

नांदेडला तर तो नवा असायला नको. २००८ च्या शिखांच्या गुरुतागद्दी सोहळ्यासाठी शहराचं रूप पालटलं, त्यातला मोठा पैसा नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेचा होता. लोकसहभागाचा, म्हणजेच क्षेत्रसभेचा, कायदा करा, ही त्याच योजनेची अट. निधी आला, रस्ते झाले. अट कागदावर राहिली.

२०२२ पासून लातूर आणि नांदेड या दोन्ही महापालिकांवर प्रशासक होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनं नगरसेवक परत आले. प्रचारात ते दारी आले होते, आता आपण त्यांच्या दारी जायचं. बचतगट, मोहल्ल्यातली मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ यांनी एकाच अर्जावर सह्या करून विचारायचं: आमची क्षेत्रसभा कोणत्या तारखेला? अर्जाची एक प्रत आयुक्तांना, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायचीच. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात प्रभाग समितीच्या बैठकांचं इतिवृत्त मागायचं. त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.