दुसऱ्याचे गुडघे

क्रूझच्या अर्जात विचारलं होतं, व्हीलचेअर लागेल का. बाबा म्हणाले, "माग एक, हिच्यासाठी." आई आतून म्हणाली, "ह्यांच्यासाठी माग." गुडघे दोघांचेही कामातून गेलेले, पण दुसऱ्याचे जास्त, यावर मात्र दोघांचं एकमत.

मी व्हीलचेअर मागितली आणि कोणासाठी ते मोघम ठेवलं.

मग अभ्यासाला लागलो. बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खोली कमी हलते. लिफ्ट जवळ हवी, पण अगदी दाराशी नको, नाहीतर रात्रभर माणसांची वर्दळ. साध्या खोलीच्या बाथरूमला उंबरठा असतो आणि दार इतकं अरुंद, की वॉकर आडवा करून न्यावा लागतो. रुंद दाराच्या, बिनउंबरठ्याच्या खोल्या मोजक्याच. त्या आधी संपतात. बोटीवर चढायची शिडी भरती-ओहोटीप्रमाणे कमीजास्त उभी होते, म्हणून मी भरतीचं कोष्टकसुद्धा पाहिलं. इतका अभ्यास दहावीला केला असता तर, असं आई म्हणालीच.

बाबांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. ते वेंगुर्ल्याचे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. त्यांच्या तरुणपणी मुंबई गाठायची ती बोटीने, भाऊच्या धक्क्याला. डेकवर पथारी पसरून जागा धरायची आणि मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड अशी बंदरं मोजत झोपायचं. कोकणातल्या बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. ती बाहेर उभी राही आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या, बाळंतिणी सगळ्यांनी हलत्या शिडीवरून पडावात उतरायचं. आत्या म्हणे तान्ही असताना अशीच वरून खलाशाच्या हातात सोडली होती. ती अजून ठणठणीत आहे, हे बाबांच्या लेखी सुरक्षिततेचं प्रमाणपत्र.

म्हणून मी लक्षद्वीपची सफर रद्द केली तेव्हा घोटाळा झाला. कारण सांगितलं, "तिथे जहाज बेटाला लागत नाही. भर समुद्रात लहान होडीत उतरावं लागतं."

बाबा खुर्चीतून चक्क आधाराशिवाय उठले. "म्हणजे पडाव!"

मी जो धोका म्हणून सांगत होतो, ते त्यांना आमिष वाटलं. आपण आईवडिलांचं वय त्यांच्या सांध्यांवरून मोजतो. समुद्राचं नाव काढल्यावर ते कुठल्या वर्षी जाऊन बसतात, हे कुठल्याच कोष्टकात नसतं. तरी मी हटलो नाही. गोव्यापर्यंतच जायचं, मुरगावला जहाज धक्क्याला लागतं. बाबांनी दोन दिवस अबोला धरला.

आईची काळजी निराळी. तिला बोट लागते, म्हणून आवळासुपारीची डबी आधीच भरलेली. मी तिला समजावलं, या जहाजाला पोटाशी दोन्ही बाजूंना पंखांसारख्या फळ्या असतात, त्या डोलणं पुष्कळ कमी करतात. बाबांनी अबोला सोडला तो इथे. "डोलत नाही? मग हॉटेलातच राहू की!"

आणि मग जरा वेळाने, हळूच, "डेकवर पथारी टाकू देतात का, विचार बरं त्यांना."

"विचारायचं कशाला?" आई म्हणाली. "सतरंजी बॅगेत तळाला घातलीय."