सरकारी बट्टा

आमच्या उज्जैनच्या फ्रीगंजातल्या घराची भिंत कमरेएवढीच. पलीकडे वहिनी कपडे वाळत घालत होत्या.

"झाले का पोहे?" मी सहज विचारलं.

"कसले पोहे! धाकटा सकाळपासून त्या बिटकॉइनच्या हिशोबाला बसलाय. एका नाण्यात दहा हजार मिळाले, दुसऱ्यात दहा हजार गेले. हातात काय राहिलं?"

"भोपळा."

"भोपळा राहता तरी चाललं असतं! तीन हजार एकशेवीस पदरचे भरायचे. मिळाले त्यावर तीस टक्के, वर सेस. गेले ते सरकार मोजतच नाही." चिमटा त्यांनी सदऱ्याला असा लावला, की सदरा अर्थमंत्र्यांचाच असावा.

२०२२च्या बजेटमधला हा नियम. त्याच वर्षीच्या जुलैपासून विकताना एक टक्का टीडीएसही कापतात.

"त्यापेक्षा बंदीच घालायची ना!"

"घालून झाली. २०१८ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, ह्याला हात लावू नका. मार्च २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पत्रक रद्द केलं. एक्स्चेंजवर मनी लाँडरिंगच्या कायद्याची नजर आली २०२३ला. नाण्यांसाठी वेगळा कायदा मात्र अजून नाही."

"म्हणजे पंगतीला बसवायचं नाही, आहेर तेवढा घ्यायचा!"

तेवढ्यात आमचे हे पेपर घेऊन आले. जन्म बँकेत गेलेला. "वहिनी, उज्जैनला शिंद्यांची टाकसाळ होती. परमुलखातला रुपया आला की सराफ बट्टा कापायचे. टीडीएस हा सरकारी बट्टाच. पुढे करात वळता होतो खरा, पण दर विक्रीला पैसा अडकतो. म्हणून पोरं परदेशी एक्स्चेंजवर पळाली."

"आमचा म्हणतो, २०२८च्या सिंहस्थापर्यंत ठेवतो, दुप्पट होईल."

"बाजारात तुरी! बिटकॉइन २०२१च्या नोव्हेंबरात एकोणसत्तर हजार डॉलरच्या घरात होतं, वर्षभरात सोळा हजारांवर आलं, २०२४च्या डिसेंबरात लाखावर गेलं. भावाचं सोडा. अमेरिकेने २०२४च्या जानेवारीत त्याचे ईटीएफ मंजूर केले, तेव्हा मोठा पैसा उघडपणे आत आला. आपल्याकडे तोटा वजा होत नाही तोवर लांबचा विचार करणारा माणूस इथे पैसा घालणार नाही. घालेल तो जुगारी."

वहिनी गप्प झाल्या. मग घराकडे तोंड करून ओरडल्या, "अरे, तोट्याचेही सगळे व्यवहार लिही!"

तुमच्याही घरात कुणी असली नाणी विकली असतील, तर विवरणपत्रातलं 'शेड्यूल व्हीडीए' भरायला लावा. तोटा झाला असला, तरीही.