शॉवर बंद ठेवावा, ही नम्र विनंती

एप्रिल लागला की वर्तमानपत्रांत दोन गोष्टी न चुकता छापून येतात. एक आमरसाची पाककृती आणि दुसरी पाणी वाचवण्याचे उपाय. आमरसाबद्दल आमची तक्रार नाही. उपायांचं मात्र आम्ही नवापूर तालुक्यातल्या आमच्या चिंचपाड्यात जाहीर वाचन केलं आणि अंमलबजावणीही केली. त्याचा अनुपालन अहवाल सादर करत आहोत.

शॉवरखाली आंघोळ करू नये. अनुपालन शंभर टक्के. इथला शॉवर आषाढात सुरू होतो आणि त्याची चावी आमच्या ताब्यात नाही. दात घासताना नळ बंद ठेवावा. नळ बंदच आहे. कामाला इतका पक्का, की दात घासण्याआधी बंद असतो आणि घासून झाल्यावरही. गळक्या तोट्या बदलाव्यात. तोटी गळायची तर आधी पाइपात काहीतरी यावं लागतं, तेव्हा हा मुद्दा पावसाळी अधिवेशनापर्यंत राखून ठेवला आहे. तरणतलावात पाणी भरू नये. याला पाड्यावरून एकमताने पाठिंबा.

शेजारच्या मावशींना हे सगळं वाचून दाखवलं. त्या हापशावरून आल्या होत्या, डोक्यावरची चुंबळ अजून हातातच होती. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘वाचवायला आधी यायला नको का, दादा?’’

मावशींच्या हंड्याचा हिशेब एखाद्या लेखापरीक्षकाने लिहून घ्यावा असा आहे. पहिलं पाणी पिण्याचं, ते फडक्याने गाळून माठात. उरलेल्यातून तांदूळ धुतले जातात आणि ते धुवण शेळीपुढे जातं. नातवाला परातीत बसवून न्हाऊ घालतात; परातीतलं पाणी सांडायचं नाही, त्यात कपड्यांचा पहिला हात निघतो. भांडी आधी राखेने कोरडीच घासायची, मग तांब्याभर पाण्यात विसळायची. ते विसळवणं दारच्या दोडक्याला. शहरात यालाच पाण्याचा पुनर्वापर म्हणतात आणि त्यावर तारांकित हॉटेलात परिसंवाद होतो. परिसंवादात प्रत्येकापुढे पाण्याची एक बाटली असते, आणि ती निम्मीच पिऊन लोक जेवायला उठतात.

आता थोडं गणित. गावाला टँकर लागला, तर सरकारी मापाने ग्रामीण माणसाला दिवसाला 20 लिटर पाणी मिळतं. 15 ऑगस्ट 2019 रोजी जलजीवन मिशन जाहीर झालं, त्याचं माप 55 लिटर. हर घर नळ 2024 पर्यंत पोचायचा होता. आता त्याला 2028 पर्यंतची मुदतवाढ आहे. शहरासाठी नियोजनाचं माप आहे 135 लिटर. जुन्या फ्लशची टाकी एका दांडीला दहा-बारा लिटर सोडते. म्हणजे टँकरवरच्या खेड्यातल्या माणसाचं प्यायचं, रांधायचं, धुवायचं सगळं मिळून जे होतं, ते शहरात दोनदा दांडी ओढून संपतं. तरी काटकसरीचा उपदेश वरून खालीच वाहतो. पाण्याचा गुणधर्म असावा!

बरं, आमचा भाग मराठवाड्यासारखा रखरखीत असता तर समजूत घालता आली असती. पण नवापूर तालुक्यात वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. ऑगस्ट 2018 मध्ये तर इथे पुराने हाहाकार उडवला होता. खाली काळा पाषाण, वर उतार आणि अंगावरचं जंगल उतरलेले डोंगर. पाणी थांबायला तयार नाही आणि त्याला थांबवायचं काम ज्या कागदांवर आहे ते कागद कोरडे आहेत. ओढ्यांतून ते तापीत जातं आणि तापीतून उकाईला. 1972 पासून ते धरण उभं आहे. धरण गुजरातेत, पण त्याच्या फुगवट्याची शेपटी आमच्याच तालुक्यात शिरते. सुरत तापीचं पाणी पिते. प्यावं बापडीने, पाहुणचाराला आम्ही कधी मागे हटलो नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अक्कलकुवा-धडगावकडे, सरदार सरोवरात 33 गावं गेली. 1979 च्या नर्मदा लवादाने त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला 10.89 टीएमसी पाणी लिहून दिलं. गावं वेळेवर बुडाली. हक्काचं पाणी बरंचसं अजून निवाड्यातच साठवलेलं आहे. बाष्पीभवन होत नाही, एवढा त्या साठ्याचा गुण.

आमच्या प्रशासनाचा वक्तशीरपणा मात्र वाखाणण्यासारखा. पावसाचा अंदाज चुकेल, टंचाई आराखडा चुकत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून, असे त्याचे तीन टप्पे ठरलेले. म्हणजे गावात पाणी कधी नसेल, हे दसऱ्याच्या सुमारासच ठाऊक असतं. विहीर अधिग्रहण, विंधन विहिरींची दुरुस्ती, पूरक नळयोजना, टँकर असं सारं ओळीने मांडलेलं. भूजलाचाही कायदा आहे, 2009 चा. शेती-उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल जायला त्यात मनाई. खोली मोजायची कोणी, एवढं विचारायचं नाही. बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी निघून जाते.

दरम्यान एक खातं भिंतीवर ‘पाणी जपून वापरा’ रंगवतं, दुसरं बचत गटांना परसबाग फुलवायला सांगतं आणि तिसरं शौचालयाचा फोटो मागतं. फोटो काढायला पाणी लागत नाही, म्हणून ते काम झटक्यात उरकतं.

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी भरण्याच्या जागांभोवती 144 कलम लागलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मैदानाच्या हिरवळीवरून उच्च न्यायालयाला आयपीएलचे सामने राज्याबाहेर धाडावे लागले. रूळ आमच्या दारातही आहेत, सुरत-भुसावळ मार्गाचे. गाडीने पाणी आलं तर उतरवून घ्यायला स्टेशन तयार आहे, एवढीच नोंद असावी.

तोवर आमचा एक प्रस्ताव. उपदेशाची दिशा एक उन्हाळाभर उलटी करावी. मावशींसारख्या अनुभवी तज्ज्ञ बाया पाड्यापाड्यांतून निवडून पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत प्रशिक्षक म्हणून नेमाव्यात. परात, राख आणि हंडा हे साहित्य त्या सोबत आणतील. प्रस्ताव आम्ही तालुक्याला दिला तर तो जिल्ह्याला जाईल, जिल्ह्याहून मंत्रालयात, आणि बहुधा मंजूरही होईल, कारण खर्च काहीच नाही. परिपत्रकातली शेवटची अट आम्हाला आत्ताच दिसते आहे: प्रशिक्षणार्थींच्या चहापाण्याची सोय करण्यात येईल, प्रशिक्षकांनी पिण्याचे पाणी स्वखर्चाने आणावे.