विंडो मॅम

मुलांनी मास्तरांना ठेवलेली नावं बहुधा दुष्ट असतात. हे नाव मात्र नुसतंच अचूक आहे. पुण्याच्या कडेला, जिथं पालिकेचं पाणी संपतं आणि टँकर सुरू होतो, तिथं आंतरराष्ट्रीय शाळा उगवल्या आहेत. अशा प्रत्येक शाळेत अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवणारी एक विंडो मॅम असतेच. हातमागाचा कुर्ता, खांद्याला कुठल्याशा लिटफेस्टची कापडी पिशवी, डाव्या कानात एक डूल आणि उजव्या कानात भलतंच. (विविधतेची सुरुवात स्वतःपासून करावी, असं म्हणतात.) आमच्याकडची विंडो मॅम मला जवळून ठाऊक आहे, कारण मी तिथं मराठी शिकवतो आणि स्टाफरूममध्ये आमची टेबलं लागून आहेत.

नावाचं मूळ अमेरिकेत आहे. रुडीन सिम्स बिशप या प्राध्यापिकेनं १९९० साली एक छोटा लेख लिहिला. मुलाच्या हातातलं पुस्तक कधी दुसऱ्याचं जग दाखवणारी खिडकी असतं, कधी स्वतःलाच दाखवणारा आरसा, तर कधी त्या जगात पाऊल टाकू देणारं सरकतं काचेचं दार, असं त्यांनी म्हटलं. गोऱ्या नसलेल्या मुलांना पुस्तकात आपला चेहराच सापडत नाही, ही त्यांची तक्रार होती आणि ती सोळा आणे खरी होती. बाईंनी लेख लिहिला आणि त्या मोकळ्या झाल्या. आमच्या मॅम अजून मोकळ्या झालेल्या नाहीत. 'आपल्या अकरावीत खिडक्या कमी आहेत आणि आरसे जवळजवळ नाहीतच' असा ईमेल त्यांनी प्रिन्सिपॉलना पाठवला, तेव्हा दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सचे दोघे टेप घेऊन माप काढायला आले होते.

जूनच्या आधी मॅमचा तक्ता सुरू होतो. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात साहित्य विषयाच्या हायर लेव्हलला दोन वर्षांत १३ साहित्यकृती शिकवायच्या असतात. त्यांतल्या निदान ४ भाषांतरित हव्यात. शिवाय चार वाङ्मयप्रकार, तीन कालखंड आणि चार देश हवेत, आणि ते देश एकाच खंडातले असून भागत नाही. माणूस समंजस असेल तर एका दुपारचं काम आहे. मॅम या नियमांना किमान मर्यादा समजतात आणि स्वतःचे रकाने जोडतात: लेखक की लेखिका, गाव की शहर, स्थलांतर आहे का, जेवण आहे का, आजी आहे का. दिवंगत गोऱ्या पुरुषांना लाल रंग. शेक्सपिअर अर्थातच लालभडक. ऑर्वेललाही आधी लालच दिला होता, पण तो १९०३ साली बिहारात मोतिहारीला जन्मला असं कळल्यावर त्याला फिकट गुलाबी करण्यात आलं. 'अ‍ॅनिमल फार्म' यादीत टिकलं ते मात्र गुलाबी रंगामुळे नव्हे. ग्रंथालयाच्या कपाटात त्याच्या गठ्ठाभर प्रती पडून आहेत आणि नव्या खरेदीला अकाउंट्स विभाग सही देत नाही. शाळेत पुस्तकं कोण निवडतं, या प्रश्नावर जगभर परिसंवाद होतात. कपाट निवडतं, एवढंच त्याचं उत्तर आहे.

त्यातूनही मॅम एखादं बिल मंजूर करून घेतात आणि जातीनं अप्पा बळवंत चौकात जातात. चिमामांडा न्गोझी अडिची या नायजेरियन लेखिकेची 'पर्पल हिबिस्कस' ही कादंबरी (२००३) त्यांना वर्गभर हवी होती. दुकानदारानं नाव दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा कागदावर लिहून घेतलं आणि मान वर न करता म्हणाला, "बॉटनी तिकडच्या गल्लीत." कादंबरी आहे म्हटल्यावर त्यानं एकच प्रश्न केला, "गाइड निघतं का याचं?" नाही म्हटल्यावर त्याचा त्या लेखिकेवरचा विश्वास उडाला.

पालकसभेत तर मॅमची परीक्षाच असते. आयटीतले एक वडील विचारतात की हे नायजेरियाचं इंग्रजी वाचून मुलाचं इंग्रजी बिघडणार नाही ना. एक आई विचारते, परदेशी प्रवेशाला याचा उपयोग काय. मग मागच्या खुर्चीवरून कुणाचे तरी आजोबा उभे राहतात. त्यांनी वर्ड्‌स्वर्थ पाठ केलेला असतो, अजूनही येतो आणि तो म्हणून दाखवण्याची त्यांची तयारी असते. त्यांना मी मनातल्या मनात दर वेळी एकच प्रश्न विचारतो: आजोबा, डॅफोडिल पाहिलंत कधी? साताऱ्यात, नगरात, रत्नागिरीत आमच्या दोन-तीन पिढ्यांनी न पाहिलेल्या फुलांवर, न पडलेल्या बर्फावर आणि न खाल्लेल्या पुडिंगवर पाच-पाच मार्कांची उत्तरं लिहिली. त्याला कुणी विविधता म्हटलं नाही. त्याला पोर्शन म्हणत.

मॅमचा धाकटा सीबीएसईच्या शाळेत दहावीला आहे, हा त्यांचा दुखरा भाग. त्याच्या 'फर्स्ट फ्लाइट' या एका स्वस्त सरकारी पुस्तकात गारांनी पीक गेलेला मेक्सिकोतला शेतकरी आहे, मंडेला आहेत, अ‍ॅन फ्रँक आहे, गोव्याचा पाववाला पदेर आहे, वल्लिकण्णन यांच्या तमिळ कथेतली बसने हिंडणारी चिमुरडी आहे आणि वर चेखॉव्हची एकांकिका. ना कुणी तक्ता दाखवला, ना वर्कशॉप घेतलं. मॅमनी ते पुस्तक एकदा रात्री चाळलं आणि सकाळी मला म्हणाल्या, "सर, त्यांची निवड इंटेन्शनल नाहीये." मी चहा घेतला.

पण गेल्या वर्षी जे घडलं, त्यानं मी त्यांच्या बाजूचा झालो. अरुण कोलटकरांची 'जेजुरी' ही कवितामालिका (१९७६) घेतली होती. तक्त्यात तिनं आधीच छळलं होतं: कवी मराठी, गाव मराठी, देव मराठी, पण पुस्तक मुळातच इंग्रजीत लिहिलेलं, त्यामुळे भाषांतराच्या रकान्यात जाईना. वर्गात मॅमनी प्रास्ताविक केलं की श्रद्धेच्या एका अनोळखी जगाकडे उघडणारी ही खिडकी आहे. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी फक्त बाहेर जाण्यासाठी हात वर करतो, तो म्हणाला, "मॅम, आमचं कुलदैवत आहे ते. दादानं लग्नानंतर वहिनीला उचलून पायऱ्या चढल्या. पाचच. मग खाली ठेवली." दुसऱ्यानं भंडाऱ्याचा पिवळा डाग शर्टावरून कसा जात नाही ते सांगितलं. मॅम इतक्या हरखल्या, की स्क्रीनवर तक्ता उघडून त्यांनी सगळ्यांसमोर 'जेजुरी' खिडकीतून उचलली आणि आरशात टाकली. तेवढ्यात लखनौहून आलेली मुलगी म्हणाली, "माझ्यासाठी विंडोच आहे, मॅम." तिसरा म्हणाला, त्याच्या घरी देवच मानत नाहीत, तर त्याला काय? "स्लायडिंग डोअर!" मॅम ओरडल्या आणि तास संपला. त्या दिवशी कविता एकही वाचून झाली नाही. पण मागच्या बाकावरच्यानं पुस्तक घरी नेलं. दोन दिवसांनी येऊन मॅमना म्हणाला, "बरोबर लिहिलंय ह्यांनी. पुजारी बसचीच वाट बघत असतो." त्याला आयुष्यात पहिल्यांदा एका कवीची चूक काढायची होती आणि ती सापडली नव्हती. मॅमच्या तक्त्यात याला रकाना नाही.

यंदा मे महिन्यात त्या माझ्या टेबलाशी आल्या. वधूवर मंडळात अपेक्षा सांगाव्यात तशा त्यांनी सांगितल्या, "सर, मराठीतली लेखिका हवी. १९०० च्या आधीची. पुण्या-मुंबईची नको, ब्राह्मण नको, फार जाड नको आणि इंग्रजीत भाषांतर झालेलं पाहिजे." मी म्हटलं, ताराबाई शिंदे. बुलढाणा. 'स्त्रीपुरुष तुलना', १८८२. रोझालिंड ओ'हॅन्लन यांचं भाषांतर १९९४ चं. सगळे रकाने एका फटक्यात भरलेले पाहून मॅम खुर्चीतच बसल्या.

भाषांतराची प्रत यायला वेळ होता, म्हणून मी माझं मराठी पुस्तक दिलं. मॅम घरी मराठीच बोलतात, पण दहावीनंतर मराठी वाचलं ते लग्नपत्रिका आणि वीजबिल. पहिली पानं अडखळत गेली असणार. पुस्तकाचं निमित्त असं: सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला १८८१ साली बालहत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर प्रवचनं सुरू झाली आणि ताराबाईंनी लेखणी उचलली. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घ्यायचा आणि तो पुरुषांत किती पटींनी भरला आहे ते दाखवायचं, असा त्यांचा खाक्या.

दुसऱ्या दिवशी मॅम स्टाफरूममध्ये आल्या त्या पुस्तक उघडूनच. लॅपटॉप पिशवीतून निघालाच नाही. त्यांनी उभ्याउभ्या मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. जोडाक्षरांवर ठेचकाळत होत्या, पण आवाज चढत होता. पीटीचे सर डबा उघडून तसेच थांबले. फिजिक्सच्या सरांना अचानक लॅब आठवली. मी बिस्किट बुडवलं आणि ते चहात विरघळलं.

गणिताचे सर दाराकडे सरकत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, हे पोर्शनमध्ये आहे का?"

"मुलांच्या अजून ठरायचंय," मॅम पान उलटत म्हणाल्या, "तुमच्या आहे. बसा."