जावई आठ पिनांचा

ग्राफिक्स कार्ड नुसतं विकत घेता येत नाही, त्याच्याशी सोयरीक करावी लागते. कॉम्प्युटरचे बाकीचे पार्ट घरच्या माणसांसारखे असतात. रॅम खटकन आपल्या जागी बसते आणि पुन्हा तोंड उघडत नाही. हार्ड डिस्क कोपऱ्यात घरघरत लग्नाचे फोटो आणि जुने बायोडेटा सांभाळते. ग्राफिक्स कार्ड मात्र जावई. त्याला बसायला ऐसपैस जागा लागते, वारा वेगळा लागतो, ताट वेगळं मांडावं लागतं. आणि ते आलं की सासरच्या मंडळींना आपलं दारिद्र्य पहिल्यांदा नजरेत भरतं.

आमच्याकडे आधी होता तो घरजावई होता. २०१४ साली बाजारात आलेलं जीटीएक्स ७५० टीआय. मेमरी २ जीबी, भूक ६० वॉट. मदरबोर्डवरचा स्लॉट कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज देऊ शकतो, त्यामुळे याच्यासाठी वेगळी वायर ओढायची वेळच आली नाही. स्लॉटात पडेल ते खायचं आणि मुकाट पंखा हलवायचा, असा त्याचा स्वभाव. असल्या माणसाला जगात किंमत नसते. मलाही मग थोरामोठ्यांकडचं स्थळ हवंसं वाटू लागलं.

कारण मला सायबरपंक २०७७ खेळायचा होता. पन्नाशीच्या माणसाने असं बोलू नये, हे मला घरात वेळोवेळी सांगण्यात आलेलं आहे. पण आमची पिढी प्रिन्स ऑफ पर्शियाच्या टोकदार खिळ्यांवर पडून पडून मोठी झाली. पुढे सायबर कॅफेत रोड रॅश आला, त्यात मोटारसायकल चालवताना शेजारच्याला लाथ घालता यायची. आता ते कल्याण-शिळ रोडवर रोज फुकट बघायला मिळतं, म्हणून कॉम्प्युटरमध्ये काहीतरी निराळं बघावंसं वाटतं, इतकंच.

स्थळं बघायला सुरुवात केली तेव्हा बाजार तापलेला होता. एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० आणलं. जाहीर किंमत ३२९ डॉलर. त्या भावात ते कोणाला मिळालं असेल तर त्याच्या पायावर डोकं ठेवायला हवं. चिप्सचा जगभर तुटवडा होताच, त्यात इथेरियम नावाचं आभासी चलन ‘खणायला’ लोक पोत्याने कार्डं उचलत होते. खेळणाऱ्यांसाठी काही उरावं म्हणून कंपनीने ३०६० ला मुद्दाम कुलूप लावून पाठवलं, म्हणजे खाणकाम सुरू झालं की कार्डाचा वेग निम्म्यावर यावा. आणि पुढच्याच महिन्यात कंपनीच्याच एका ड्रायव्हरमधून ते कुलूप चुकून उघडलं गेलं. किल्ली मालकानेच वाटल्यावर चोराला काय बोलणार?

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि कार्डांची खाण एका दिवसात बंद पडली. त्यानंतर बाजारात बिजवर स्थळांचा महापूर आला. वर्षानुवर्षं रात्रंदिवस राबलेली, पंख्यांचे बेअरिंग खुळखुळे झालेली कार्डं पुसूनपासून, नवी थर्मल पेस्ट लावून उभी. प्रत्येकाची ओळख तीच: ‘एका मुलाने फक्त शनिवार-रविवार खेळायला वापरलंय.’ एवढी मुलं शनिवार-रविवारी खेळत असती तर देशातले क्लासेस बंद पडले असते. मी प्रथमवराच्या शोधात लॅमिंग्टन रोड गाठला.

लॅमिंग्टन रोडचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण त्या नावाने विचारलं तर रस्ता दाखवणाराही बुचकळ्यात पडतो. ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं आणि हातगाड्यांवर चार्जर, वायरी आणि रिमोटचे ढीग दिसू लागले की समजायचं, आलं. दुकानातल्या पोराने मला पाहिलं आणि चौकशीआधीच निकाल दिला.

“बोलो काका. बेटे के लिए?”

“घरासाठी,” मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं.

“एसएमपीएस कितने का है?”

“साडेचारशे वॉट.”

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरमधला विजेचा वाढपी; मी घरून त्याचा फोटो काढून नेला होता. पोराने तो दोन बोटांनी मोठा केला आणि नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखा गप्प झाला. एसएमपीएसच्या लेबलावर ‘४५०’ हा आकडा बैलाच्या शिंगाएवढा असतो. खरा कारभार खालच्या मुंगीएवढ्या तक्त्यात चालतो. तिथे १२ व्होल्टच्या रकान्यासमोर लिहिलं होतं, १८ अँपिअर. बाराने गुणलं की २१६ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही जेवतात ते मुख्यतः याच १२ व्होल्टच्या पंगतीत. नवं कार्ड, म्हणजे ते आरटीएक्स ३०६०, १७० वॉटचं, माझा जुना चार कोअरचा आय-फाइव्ह ८४ वॉटचा. बेरीज २५४. पान मांडायच्या आधीच भात संपलेला.

“ये कॅबिनेट के साथ फ्री आया था ना?” पोराने विचारलं. आवाजात उपहास नव्हता, सांत्वन होतं. ते जास्त लागलं.

कंपनीची शिफारस ५५० वॉटची. त्याने ६५० चा काढला. “आगे काम आएगा.” आगे म्हणजे याच्याहून खादाड जावई आणाल तेव्हा. खोक्यावर ‘८० प्लस ब्राँझ’ असं लिहिलेलं. एसएमपीएसलाही पदकं मिळतात, हे मला तिथे समजलं. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कामी लागली आणि किती उष्णतेत उडाली, यावर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि टायटॅनियमपर्यंत मजल जाते. आपल्याला ऑलिंपिकची सवय असल्यामुळे ब्राँझवर मी मनापासून खूश झालो.

कार्डाचं खोकं पाठीवरच्या सॅकमध्ये न ठेवता पोटाशी धरून मी संध्याकाळी दादरला गाडी बदलली. दादरचा पूल आणि डोंबिवली फास्ट यांच्या मधून जे खोकं न चेपता घरी येतं, त्याच्या पॅकिंगबद्दल मी आयुष्यभर चांगलंच बोलेन.

घरी आल्यावर कॅबिनेटचं झाकण काढलं. आत धुळीचं मऊ, राखाडी कांबळं अंथरलेलं होतं आणि एसएमपीएसच्या खाली पालीच्या अंड्याची दोन पांढरी टरफलं होती. बायको मोबाइलची बॅटरी धरून उभी होती. तिने टरफलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही याच्यावर ऑफिसचं काम करता?” एवढंच तिने विचारलं.

जुना घरजावई काढताना स्लॉटच्या टोकाची ती इवलीशी खिट्टी दाबावी लागते. बोट जात नाही, स्क्रूड्रायव्हर घालायला धीर होत नाही. शेवटी बायकोने केसांतली पिन काढून दिली आणि काम फत्ते झालं. नवं कार्ड चंदेरी पिशवीतून बाहेर काढलं. खालची सोनेरी पट्टी चकाकत होती, पंख्यांवरची पातळ फिल्म मी ओलं प्लॅस्टर सोलावं तशी हळूच सोलली. स्लॉटाशी नेलं, तर ते मागून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यावर जाऊन टेकलं. कार्ड २४२ मिलिमीटर आणि पिंजरा त्याच्या वाटेत. पिंजरा स्क्रूने लावलेला असता तर गोष्ट निराळी. तो रिबेट ठोकून बसवलेला होता.

मग मदरबोर्डसकट सगळं सामान पलंगावर काढून ठेवलं आणि रिकामा डबा घेऊन मी सोसायटीखालच्या ग्रिलवाल्या मिस्त्रीकडे गेलो.

“हे मधलं कापून द्या.”

“यात काय बसवायचंय साहेब?”

“कार्ड.”

“कार्ड?” त्याने ड्रिल खाली ठेवलं. “आधारकार्ड तर पाकिटात मावतं की!”

त्याने चार रिबेट उडवले, कडा कानशीने घासून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. त्याला माझी दया आली असावी.

कार्ड बसलं. ‘कट्’ असा आवाज आला. तो आवाज ऐकण्यासाठी माणसं पगार उधळतात. आठ पिनांची वायर लावली. त्या एका वायरीतून १५० वॉट आणि स्लॉटातून ७५, म्हणजे २२५ पर्यंतची सोय. जावई तृप्त. आता मॉनिटर लावायचा. कार्डाच्या पाठीवर एक एचडीएमआय आणि तीन डिस्प्लेपोर्ट. माझ्या मॉनिटरच्या हातात निळ्या तोंडाची व्हीजीए वायर, दोन्ही बाजूंना पिळायचे स्क्रू असलेली. जावई इंग्रजी शाळेतला, सासरे मोडीतले. मध्ये एक कन्व्हर्टर दुभाषा म्हणून बसवला.

पण दुभाष्याच्या जिवावर संसार होत नाही. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवणार. जुन्या खेळांत कार्ड शंभरावर चित्रं काढून द्यायचं, त्यातली चाळीसएक वाया. म्हणून १४४ हर्ट्झचा मॉनिटर आला. सायबरपंकच्या नव्या आवृत्तीला हार्ड डिस्क चालत नाही, एसएसडीच लागते आणि तीत ७० जीबी जागा, ती आली. ६०० व्हीएच्या यूपीएसवर बारीक अक्षरात ३६० वॉट लिहिलेलं होतं. तो खेळ रंगात आला की किंचाळायचा, म्हणून तो बदलला. मग सगळे जण प्रोसेसरकडे बोट दाखवू लागले. तज्ज्ञ मंडळी याला ‘बॉटलनेक’ म्हणतात: कार्ड चित्र काढायला तयार, पण काय काढायचं हे सांगणारा प्रोसेसर अजून चष्मा शोधतोय. शिवाय विंडोज ११ त्याला दारात उभं करत नव्हती. प्रोसेसर बदलला म्हणून बोर्ड बदलला, बोर्ड बदलला म्हणून डीडीआर-थ्रीची रॅम निरुपयोगी झाली.

“नवीन काय आणलं ते राहू द्या,” बायको म्हणाली, “जुनं काय उरलं ते सांगा.”

कीबोर्ड उरला होता. मिस्त्रीने कापलेला डबाही उरला होता.

अखेर खेळ सुरू झाला. रे ट्रेसिंग चालू केलं. दिव्यापासून निघालेला प्रकाश कुठे आपटतो, कुठून परततो, याचा हिशेब कार्ड क्षणोक्षणी करत असतं. एनव्हिडियाने खेळणाऱ्यांच्या कार्डांत ही सोय २०१८ मध्ये आणली. रस्त्यावरच्या डबक्यात गुलाबी-निळ्या पाट्यांची प्रतिबिंबं थरथरत होती. मी खून, मारामाऱ्या सोडून त्या डबक्यापाशी उभा राहिलो. बायकोने मागून डोकावून पाहिलं आणि आमच्या गल्लीतलं डबकं महापालिकेने कसलंही कार्ड न घेता अख्ख्या पावसाळाभर दाखवलं होतं, याची आठवण करून दिली.

रे ट्रेसिंगने वेग घसरला की डीएलएसएस असतं. कार्ड चित्र लहान काढतं आणि उरलेले ठिपके अंदाजाने भरतं. पुढच्या पिढ्या याहून धीट निघाल्या. २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत खेळाने काढलेल्या एका चित्रामागे तीनपर्यंत चित्रं कार्ड स्वतःच्या मनाने घालू लागलं. म्हणजे चारातली तीन दृश्यं खेळात घडलेलीच नसतात. इतकी कल्पनाशक्ती असलेल्या वस्तूला लोक नुसतं यंत्र म्हणतात, हा अन्याय आहे.

पण खरी गोम वेगळीच आहे. नवं कार्ड घेतलेला माणूस खेळ खेळत नाही, तो आकडा बघतो. पडद्याच्या कोपऱ्यात हिरव्या रंगात लिहिलेलं असतं: सेकंदाला किती फ्रेम्स, तापमान किती, वीज किती. समोरून गोळ्या सुटताहेत, नायक रक्तबंबाळ झालाय आणि आपण ‘अरे, ७१ चे ५८ झाले!’ म्हणून हळहळतोय. नायक मरतो. आपण सेटिंग्जमध्ये जाऊन सावल्या ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आणतो, परत येतो, आकडा वाढलेला बघून प्रसन्न होतो. सावल्यांत फरक काय पडला, हे शोधायला भिंतीला नाक लावून उभं राहावं लागतं. नायक पुन्हा मरतो.

बिलाचाही हिशेब सांगून टाकतो, कारण शेजारी विचारतात. खेळताना सगळा संच तीनशे वॉटच्या आसपास खातो असं धरलं तर रोज तीन तासांना ०.९ युनिट, महिन्याला २७. महावितरणच्या बिलात हे फार नाही. पण शंभर युनिटांची रेषा ओलांडली की दर चढतो, आणि ती रेषा कोणामुळे ओलांडली गेली यावर आमच्याकडे दर महिन्याला सुनावणी होते. गीझर नेहमी निर्दोष सुटतो.

एक बरं आहे. माणसांच्या जावयाला तीन वर्षांनी अधिक महिना आला की तेहतीस अनारसे द्यावे लागतात. याला तेवढ्या काळात फुंकणीने धूळ झटकली आणि थर्मल पेस्ट बदलली तरी भागतं. रुसलाच तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायचा. वॉरंटीपुरतं खोकं जपून ठेवायचं. माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी त्याला जागा आहे.

तेव्हा घ्यायचंच असेल तर दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी करा. एसएमपीएसच्या लेबलावरचा मोठा आकडा सोडून १२ व्होल्टची ओळ वाचा. कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत टेप लावून मिलिमीटर मोजा. मॉनिटर किती हर्ट्झचा आहे आणि मागे कोणतं भोक आहे, ते बघा. साठाचा असेल तर मधल्या फळीतलं कार्ड पुष्कळ झालं. एवढं करूनही ठरवल्यापेक्षा दुप्पट खर्च होईल, पण निदान तो कशावर झाला हे घरी सांगता येईल.