टप्पा दुसरा, कलम तीन

एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर मी माझ्या घरगुती इलेक्ट्रॉनिक ड्रमकिटचे पाच टप्पे लिहून ठेवलेत. त्या जोडप्याचा मुलगा आता बालवाडीत जातो. मी दुसऱ्या टप्प्यावर आहे.

पहिला टप्पा तपकीर गल्लीतल्या खरेदीचा. पिझो म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढी पितळी चकती, मधोमध पांढरट सिरॅमिकचा टिळा. तिला दणका बसला की ती वीज देते. मोठा बसला तर जास्त देते. लाल तार टिळ्यावर, काळी पितळेवर. सोल्डरिंग गन क्षणभर जास्त टेकली की टिळ्याचा चंदेरी मुलामा उचकटतो आणि चकती कामातून जाते. दुकानदारानं विचारलं होतं, "किती?" म्हटलं, सहा. "बारा न्या. निम्म्या जाळालच." माणूस भला, पण त्याचा अंदाज चुकला. मी सात जाळल्या.

उरलेल्या पाच कामाला लागल्या. स्नेअर म्हणजे माऊसपॅड चिकटवलेला जुना पोळपाट, टॉमटॉम म्हणजे श्रीखंडाचे डबे. तारा आर्डुइनोत. आर्डुइनो दणक्याला ० ते १०२३ मध्ये मार्क देतो, त्याचे १२७ पैकी करून मिडीच्या भाषेत कॉम्प्युटरला कळवतो: अडतीस नंबर, जोर नव्वद. अडतीस म्हणजे स्नेअर. पोळपाटावर काठी पडते आणि हेडफोनमध्ये स्टेडियम दणाणतं.

दुसऱ्या टप्प्याचं नाव 'किरकोळ दुरुस्त्या'. पॅड सगळे एकाच टेबलावर, त्यामुळे स्नेअर मारला की डबेही ओ द्यायचे. एकत्र कुटुंबात एकाला हाक मारावी तसं. एका काठीचे दोन ठोके मोजले जायचे. एकदा तर मी चहा पीत होतो आणि किट आपोआप वाजायला लागलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बायकोनं मिक्सरवर ओलं खोबरं लावलं होतं. माझ्या किटवर आजवर निघालेला सर्वांत सफाईदार रोल हा त्या खोबऱ्याचा. मी थ्रेशोल्ड वाढवला: इतक्या जोराच्या खालचं काही ऐकायचंच नाही. मिक्सर गप्प झाला.

तिसऱ्या टप्प्यात ४०५१ नावाची चिप. आर्डुइनोच्या उनो बोर्डाला अॅनालॉग पाय सहाच, आणि हायहॅटच्या पेडलपासून झांजांपर्यंत माझे मनसुबे अकरा. ही चिप एका पायावर आठ तारा आळीपाळीनं ऐकवते. चौथ्यात डब्यांवर डासांच्या जाळीचे दुहेरी पडदे, म्हणजे काठी छान उसळते. जाळी बेडरूमच्या खिडकीची आहे; ते अजून घरात सांगितलेलं नाही. पाचव्यात पीव्हीसी पाइपांचा स्टँड. त्यासाठी एल्बो आणि टी आणायला गेलो तर दुकानदारानं काळजीनं विचारलं, "कुठे गळतंय?"

पण मध्येच खालच्या मजल्यावरचे काका वर आले. "रोज रात्री साडेदहाला चटणी कुटता का हो?" माझ्या कानात स्टेडियम, त्यांच्या छतावर बेस ड्रमच्या पेडलचा ठप्प, ठप्प. पत्रिकेवर '३-अ' असं घुसवलं: प्लायच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू, वर पेडल, म्हणजे धक्का स्लॅबपर्यंत पोचणार नाही. तोवर काकांची समजूत काढायला त्यांना खुर्चीत बसवलं, हेडफोन चढवला आणि म्हटलं, तुम्हीच वाजवून बघा.

काका मुळात तबल्याचे. काठ्या त्यांनी बाजूला ठेवल्या, पोळपाट जवळ ओढला आणि डोळे मिटून बोटांनी केरवा धरला. बोटं अशी हलकी, सुरेख पडत होती की मी बघतच राहिलो. थ्रेशोल्ड मिक्सरच्या वर लावलेला होता, हे मला दुसऱ्या आवर्तनाला आठवलं.

काकांनी डोळे उघडले, हेडफोन काढला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"वा! खरंच, आवाज अजिबात येत नाही."